पाळीवरून पाळीवर : झाडीपट्टीतले तलाव

शुक्रवार-शनिवार, गाडीत

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला जाऊन थांबते. वाटेतलं एकही स्टेशन रुसू नये याची ती काळजी घेते. पुण्याला रात्री चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचतो. तेवढ्या वेळात उसाची जमीन मागे पडते, मग कापूस येतो, नागपूरनंतर कापूसही संपतो आणि धान दिसायला लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती नकाशात दाखवावी लागते.

माझं काम जमीन आखण्याचं. वसाहतींची आवारं, संस्थांची मैदानं, कधी एखाद्या गावाचा चौक. अलीकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला 'वॉटरबॉडी' हवी असते आणि तिचा साचा ठरलेला आहे. खड्डा खणायचा, खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा, पाणी फिरवायला पंप, कडेला कठडा, कठड्याबाहेर पेव्हर ब्लॉकची चालवाट आणि पाण्यात निळे दिवे. नगरपालिकांची तलाव सौंदर्यीकरणाची निविदा वाचली तर तीही जवळपास अशीच निघते, फक्त कारंजं जास्तीचं. हा साचा डोक्यातून जाण्यासाठी मला नकाशा न काढता बांधलेले आणि आजही वापरात असलेले तलाव पाहायचे होते. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले तलाव, साडेसहा हजारांच्या वर आहेत. सरकारी कागदात आणि वर्तमानपत्रात त्यांना 'मामा तलाव' म्हणतात.

रविवार, गोंदिया

साकोलीचे एक निवृत्त शिक्षक सोबतीला होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. पहाटे त्यांनी परसवाड्याच्या तलावाकडे नेलं, सारस बघायला.

महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भंडाऱ्यात, तोही मोजता येईल इतकाच. माणसाच्या उंचीचा हा पक्षी जोडीनं राहतो, उथळ पाण्यात किंवा थेट धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, घरटं घालतो. म्हणजे याला अभयारण्य लागतं ते शेतकऱ्याच्या मालकीचं. घरट्याभोवतीचं धान तुडवलं जातं, आणि ते सहन करणारा शेतकरी नसेल तर सारस नाही. जिल्ह्यात काही तरुण मंडळी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांशी बोलून ही घरटी राखत आली आहेत.

आम्हाला धुक्यात एक जोडी दिसली, लांब. दुर्बीण होती म्हणून लाल डोकं कळलं. पण मी पाहत राहिले ते त्यांचे पाय. पाणी त्यांच्या घोट्याच्या जरा वर होतं. तलाव एवढा मोठा, आणि ते दोघं नेमके जिथे पाणी संपतं की जमीन सुरू होते हे ठरवता येऊ नये अशा चिखलट पट्ट्यात चरत होते. गुरुजी म्हणाले, "त्यांचं सारं खानं तिथंच आहे जी. मध्यात काय ठेवलंय?"

दुपारी गोंदियाच्या भातगिरण्यांमधून हिंडलो. तुसाच्या धुळीनं नाक भरलं, याहून वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सोमवार, नवेगावबांध

इथे मात्र दिवस पुरला नाही.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते आणि जुनं गॅझेटियरही तेच सांगतं. भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी हात लावला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. पाणी अडवणाऱ्या माणसाला देव करणारा समाज मला फार शहाणा वाटतो. आम्ही उद्घाटनाच्या पाटीवर मंत्र्यांचं नाव कोरतो, तिला शेंदूर लावायला कोणी जात नाही.

आज या पाण्याभोवती जंगल आहे. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. तलावाच्या मध्ये मालडोंगरी नावाचं बेट आहे. हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बदकं उतरतात, आम्ही गेलो तेव्हा नुकती येऊ लागली होती.

पर्यटक म्हणून एवढं पुरे. पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभं राहून जागेची निवड पाहिली की तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाची नजर कळते. टेकड्यांनी बहुतेक बाजू आधीच धरून ठेवल्या आहेत, माणसानं फक्त उघड्या राहिलेल्या खिंडी बुजवल्या. थोडी माती, प्रचंड पाणी. वरचं सगळं रान हे या तलावाचं पाणलोट, आणि रान शाबूत म्हणून गाळ कमी. गुरुजींनी काठीनं जमिनीवर रेघ काढून क्रम सांगितला. वर जंगल, त्याखाली गुरांसाठी बोडी म्हणजे लहान तळं, मग तलाव, तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि त्या जिथे संपतात तिथे पुढच्या गावाचा तलाव. वरच्याच्या सांडव्याचं पाणी खालचा झेलतो. बांध्यांमध्येही तेच, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत.

इथे पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. पुणेकराला वाटेल मग तलाव हवाच कशाला? कारण हा पाऊस सप्टेंबरात पाठ फिरवतो आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान तेव्हा नुकतं गर्भात असतं. लोंबीत दाणा भरायला आणखी एखाद-दोन पाणी लागतं. तलाव बांधला तो त्या एक-दोन पाण्यांसाठी. बाकीचं वर्षभर तो मासे, कमळकाकडी, गुरं, धुणं, विहिरींचा पाझर आणि पाखरं सांभाळतो.

पाणी सोडायच्या जागेला इथे तुडूम म्हणतात. जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोकं असतात. वरचं बूच आधी काढायचं, पातळी उतरली की खालचं. त्यामुळे कोणी कितीही उतावीळ असला तरी एका दिवसात तलाव रिकामा करू शकत नाही. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी चाकाचं गेट आहे आणि चाकाला कुलूप.

संध्याकाळी गुरुजींच्या एका नातेवाइकांकडे जेवलो. भात, लाखोळीचं वरण, वांग्यात सुके झिंगे. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी या कडधान्याचं बी फेकून पेरतात. धान कापलं की ती उरलेल्या ओलीवर वाढते, नांगर नाही की पाणी नाही. जेवताना मी मालगुजारांच्या काळाबद्दल जरा जास्तच गोड बोलले असावे, कारण घरातल्या आजी म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानं पाळीवर माती टाकली बाई, बिगारीत. मालगुजार छत्री घेऊन उभा राहे." तेही खरंच. तलाव गावाचा होता म्हणताना गावात कोण माती वाहत होतं आणि कोण छत्रीखाली होतं हे विसरून चालत नाही.

मंगळवार, अर्जुनी मोरगाव तालुका

या सहलीचा खरा दिवस हा.

सकाळी दोन गावांचे दोन तलाव एकापाठोपाठ पाहिले. गावांची नावं देत नाही. पहिल्या तलावाचं खोलीकरण झालेलं. जेसीबीनं गाळ काढला, गाळ शेतात गेला, ते उत्तमच झालं. पण खोदताना काठ सरळ उभे कापले. एका बाजूला काँक्रीटचा घाट, दुसऱ्या बाजूला दगडी पिचिंग. पाणी भरपूर, स्वच्छ, हिरवट. पाखरू एकही नाही. फोटो मात्र छान येतो.

दुसरा तलाव पाहिल्यावर प्रथम तलाव आहे असंच वाटेना. लांबवर पाणी चमकत होतं आणि आमच्या पायापासून तिथपर्यंत नुसतं गवत, लव्हाळं, चिखल, डबकी. त्यात बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या, चार म्हशी आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका.

इथे माझ्या धंद्याचा हिशोब मांडते. ऑक्टोबरपासून तलावाचं पाणी उतरायला लागतं. काठाचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की पन्नास मीटर रुंदीची जमीन उघडी पडते. तीच जागा पावसाळ्यात पुन्हा बुडते. काठ उभा कापला की पाणी तेवढंच उतरतं, पण उघडी पडते ती फक्त भिंतीवरची मळकट रेघ. तलावातलं जगणं या पन्नास मीटरांत आहे. शहरातले आम्ही लोक नेमका हाच पट्टा 'अस्वच्छ' ठरवून पहिल्यांदा पुसतो, आणि मग उरलेल्या पाण्यात मासे मेले की ऑक्सिजनसाठी कारंजं लावतो.

या पट्ट्याला थर आहेत. खोल पाण्यात बुडून राहणारा चिला आणि त्यावर कमळ. त्याच्या अलीकडे, गुडघाभर पाण्यात, गाद. तिच्या कंदांवर पाखरं जगतात. आणखी उथळात देवधान, म्हणजे कोणी न पेरलेलं रानटी भात. मग चराऊ गवत. गावच्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, बायकांना यातली प्रत्येक वनस्पती, तिच्या आसऱ्याला राहणारा मासा आणि अंडी घालण्याचा महिना माहीत आहे. मी वहीत लिहीत होते तर एक ताई हसून म्हणाली, "लिवून घ्या जी, पन पान्यात उतरल्याबिगर नाई समजनार." उतरले. पोटरीपर्यंत चिखल, आणि पायाला गादीची मुळं लागली की तळ घट्ट जाणवतो. जिथे गाद नाही तिथे पाय खचतो. गाळ धरून कोण ठेवतं हे पायाला लगेच कळतं.

हे सगळं आपसूक टिकलेलं नाही, हे महत्त्वाचं. मध्ये काही दशकं तलावांत रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडण्याचा धडाका झाला. हे मासे झपाट्यानं वाढतात, पण त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते विणत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी, दाडक, बोटरी ही गावठी मासळी मात्र काठच्या वनस्पतींतच वाढते. काठ गेला, तशी तीही गेली. भर म्हणून बेशरम आली. दक्षिण अमेरिकेतलं हे झुडूप, गुरं तोंड लावत नाहीत, तोडलं तरी कांडीतून फुटतं, आणि काठच्या काठ गिळतं.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं या भागात ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर जे काम केलं, त्याची सुरुवात लोकांना आठवणाऱ्या वनस्पती आणि माशांची यादी करण्यापासून झाली. मग उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट खणायची, तळ नांगरायचा, आणि पहिल्या पावसात दुसऱ्या तलावातून आणलेली गाद, चिला आणि कमळं लावायची. शेतात रोवणी करतात तसंच, फक्त मालक गाव. टोपलीवाल्या ताईंनी सांगितलं की मासे अंड्यावर असताना त्यांच्याकडे जाळं टाकत नाहीत, आणि लावलेल्या जागेत त्या वर्षी गुरं सोडत नाहीत. "कोनी सोडली तं?" मी विचारलं. "मग आमी आहो ना," दुसरी म्हणाली. मोठ्यानं हसल्या सगळ्या. ज्याची गुरं असतील त्याची मला काळजी वाटली.

लँडस्केपच्या नकाशात आम्ही झाडं दाखवतो, उंची दाखवतो, नळ कुठून कुठे जातात ते दाखवतो. या तलावाच्या नकाशात त्या बायकांचं 'आमी आहो ना' कुठल्या रंगानं दाखवायचं? ते वगळलं तर बाकीचा नकाशा तीन पावसाळ्यांत बेशरमीखाली जाईल. समाजासाठी जमीन आखताना संस्कृती म्हणून प्रवेशद्वारावर वारली चित्रं काढण्याची आमच्यात पद्धत आहे. इथे संस्कृती म्हणजे कोणी, कोणत्या महिन्यात, पाण्यात काय करायचं नाही याचा ठराव. चित्रं सोपी पडतात, हे मान्य.

दुपारी पाळीखालच्या शेंदरी दगडाजवळ बसून डबा खाल्ला. रात्री जवळच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, होती. दिवाळीच्या भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आणि रात्री नाटक. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत आणि हंगामात रोज कुठे ना कुठे प्रयोग असतो. मंडप होता तो ज्या बांधीत धान कापलं गेलं आणि लाखोळी टाकलेली नाही त्या बांधीत. बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे मातीचे बांध, ही ओट्यासारखी बसायची जागा. पुढच्या आषाढात तिथेच रोवणी. आमच्याकडे खुल्या रंगमंचासाठी एकर राखून ठेवतात आणि वर्षातले ३६० दिवस त्यावर कुत्री झोपतात. नाटक पहाटेपर्यंत चाललं. आम्ही मध्यंतरानंतर उठलो, गुरुजींना पुढची गोष्ट पाठ होती.

बुधवार, गोंदिया-बल्लारशा लाइनवर

अर्जुनीहून गाडी पकडली. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, चांदा फोर्ट. ही लाइन पूर्वी अरुंद मापाची होती. खिडकीतून तलाव संपतच नाहीत; एकाची पाळ संपली की दुसऱ्याची सुरू.

नागभीडच्या आसपास तलावांची जात बदलते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर इंग्रज सरकारनं या भागात मोठे तलाव हाती घेतले. घोडाझरी, आसोला मेंढा ही त्यांतली नावं. अभियंत्यांनी आखलेले, लांब कालव्यांचे. ते आजही हजारो एकर भिजवतात, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तिथे पाण्याचा निर्णय कालव्याच्या वरच्या टोकाला होतो आणि शेत खालच्या टोकाला असतं. मालगुजारी तलावात पाणी सोडणारा आणि पाणी मागणारा एकाच पारावर बसत.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले, गावाचे वापराचे हक्क निस्तारपत्रक नावाच्या सरकारी नोंदीत राहिले, पण पाळीवर माती टाकायला दरवर्षी माणसं गोळा करणारा कोणी उरला नाही. पुढे पाणीपट्टीवरून कोर्टकज्जे झाले. तलाव जिल्हा परिषदेचा, मासे सहकारी संस्थेचे, गाळ महसूल खात्याचा, वरचं रान वनखात्याचं. गुरुजी म्हणाले, "मालक चार झाले अन् पाळ फुटली की चौघंही परगावी." मालगुजार परत यावा असं कोणालाच वाटत नाही. त्याच्या जागी काय, हा प्रश्न सत्तर वर्षं पडून आहे. कालच्या गावात एका ढिवर संस्थेनं त्याला थोडं उत्तर दिलेलं दिसलं.

गुरुवार, चंद्रपूर

चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची रीत घातली. हीरशहा राजाचं नाव त्यासाठी घेतात. अशा देणगीच्या जमिनीला तुकूम म्हणत. हा मला या सगळ्या प्रवासातला सगळ्यात हुशार नकाशा वाटतो, कारण तो कागदावर नाही. पाळ गळाली तर बांधणाऱ्याचंच शेत वाळतं, मग देखभालीचा वेगळा करार कशाला? चंद्रपुरातल्या एका मोठ्या वस्तीचं नाव आजही तुकूम आहे. रिक्षावाल्याला त्याचं कारण विचारलं, तर तो म्हणाला, "तुकूम म्हणजे तुकूमच."

शहरात रामाळा तलाव आहे, गोंडकालीन, परकोटाच्या आत. सांडपाण्याचा नाला त्यात येतो, आणि जलपर्णी काढली की पुन्हा येते. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी या तलावासाठी उपोषण केलं, त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचं काम सुरू झालं. मी काठानं चालले. एका बाजूला चालवाट, बाकं, कठडा. कठड्याला टेकून एक काका मुलाला बदक दाखवत होते, बदक फारच लांब होतं.

कठडा नको असं मी म्हणणार नाही. शहरात मुलं पडतात. पण काठाच्या निदान एका बाजूला उतार सोडता येईल, तिथे गाद आणि देवधान लावता येईल. ते पाणी काही प्रमाणात गाळतील, नाल्याचं पाणी आत येण्याआधी लव्हाळ्याच्या पट्ट्यातून फिरवता येईल. आणि तो पट्टा ठेकेदाराकडे न देता रामाळ्यात मासे धरणाऱ्यांकडे, मोबदला ठरवून, द्यावा. हे माझं मत. दुपारी एका स्थानिक वास्तुरचनाकाराला ते सांगितलं तर त्यानं विचारलं, "दरसूचीत गाद कुठल्या कलमात बसते?" बसत नाही. सरकारी कामांच्या दरांच्या त्या यादीत पेव्हर ब्लॉकला कलम आहे, कठड्याला आहे, दिव्यालाही आहे. दरसूचीत गाद, चिला, देवधान यांची लावणी, खणून काढलेल्या बेशरमीचा घनमीटर आणि तीन वर्षांची राखण, एवढ्या चार ओळी घालण्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा ते त्यानं मला लिहून दिलं.

जाणार असाल तर

पाखरांसाठी डिसेंबर-जानेवारी. तलाव कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर मेमध्ये, तळ उघडा असताना. ऊन भयंकर असतं, पण उतार, थर आणि तुडुमाची भोकं तेव्हाच दिसतात. गोंदिया-बल्लारशा लाइनवर गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. नवेगावबांधला राहण्याची सोय होते. गावच्या तलावात उतरण्याआधी मच्छीमार संस्थेच्या कोणाला तरी विचारा, कारण ज्या जागेत नवी लावणी केलेली असते ती बाहेरच्याला नुसता चिखल दिसते.